धुण्याची पिशवी गावी नेऊ नकोस

आदरणीय काकू, नमस्कार.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. तीन वर्षांपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. खोलीत आम्ही चौघं. लाइट बिल वाढेल म्हणून घरमालकांनी पहिल्याच दिवशी वॉशिंग मशीनला मनाई केली. लॉण्ड्री परवडत नाही. म्हणून मी महिनाभराचे कपडे पिशवीत कोंबून गावी न्यायचो आणि आई धुऊन द्यायची. मागच्या महिन्यात बहिणीने फोनवर सांगितलं, की आईच्या बोटांना भेगा पडल्यात, बोअरच्या पाण्याला फेस येत नाही आणि तुझ्या जीन्स पिळून तिचं मनगट दुखतं. आई यातलं मला कधी बोलली नव्हती. तेव्हापासून मी स्वतः धुतोय, पण जमत नाही. पावसात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो. अभ्यासिकेत शेजारच्याला त्रास नको म्हणून मी भिंतीकडची खुर्ची धरतो. पांढरे शर्ट पिवळट पडलेत. एका शर्टावर मेसचं वरण सांडलं, त्याला साबण लावला तर डाग लालभडक झाला. हात सोलतात, आणि दर रविवारी दोन तास जातात. मशीनशिवाय, लाइटशिवाय कपडे खरंच नीट धुता येतात का? की पुन्हा पिशवी भरू?

– पेठेतला एक विद्यार्थी

चि. विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पिशवी भरू नकोस. कपडे हाताने उत्तम धुता येतात, आणि तुझ्या गावापेक्षा पुण्यात ते सोपं आहे. याचं कारण समजून घेतलंस तर बाकीचं निम्मं काम तिथेच होईल.

पुण्याच्या पेठांमधल्या नळाला खडकवासल्याच्या बाजूच्या धरणांतलं पाणी येतं. ते पावसाचं साठवलेलं पाणी. जमिनीत खोल मुरलेलं नाही, त्यामुळे त्यात क्षार कमी. तुझ्या गावचं बोअरचं पाणी खडकातून झिरपत खाली गेलेलं असतं, वाटेत ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, बायका जड पाणी म्हणतात. अशा पाण्यात साबणाची वडी घासली की साबण मळाला लागायच्या आधी या क्षारांना लागतो. त्यांचा पांढरट चिकट साका होतो आणि तोच कपड्यात जाऊन बसतो. मग आणखी साबण, आणखी घासणं, तो साका काढायला आणखी दोन बादल्या पाणी. तुझ्या आईच्या बोटांच्या भेगा इथून आल्यात. इतके दिवस तू कपडे हलक्या पाण्याजवळून उचलून जड पाण्याजवळ नेत होतास. तुला हे माहीत नव्हतं, आणि आईने ते तुला कळू दिलं नाही. बहिणीने सांगितलं हे फार बरं केलं.

आता धुण्याकडे वळू.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. चौदा बिऱ्हाडं, दोन नळ आणि हौदाशेजारी धुण्याचा एकच दगड. दगडाची पाळी ठरलेली असायची. त्यामुळे पाळी येईपर्यंत कपडे भिजून तयार ठेवावेच लागत, आणि पाळी आली की दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. माझी आजी मला कपड्याला हात लावू देण्याआधी बादलीत डोकावायला लावायची. पाणी गढूळ झालंय का ते बघ म्हणायची. गढूळ झालं नसेल तर अजून थांब. भिजवण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मळ पाणी आणि साबण काढतात, आपण त्यांना वेळ द्यायचा असतो. तुझ्या पत्रावरून मला असं दिसतं, की तू वेळ द्यायच्या जागी जोर देतोयस. म्हणून हात सोलतायत.

अर्धी बादली पाणी घे, म्हणजे आठ-नऊ लिटर. त्यात साबणाच्या चुऱ्याचा एक मोठा चमचा टाक आणि हाताने पूर्ण विरघळव. मगच कपडे सोड. कोरडा चुरा कपड्यांवर भुरभुरवून वरून पाणी ओतायची सवय बहुतेक मुलांना असते. त्याने चुऱ्याचे कण घडीत अडकतात, रंगावर ठिपके पडतात, आणि विसळताना तुझं पाणी संपतं. एवढ्या पाण्यात तीन शर्ट किंवा एक जीन्स आणि दोन बनियन, याहून जास्त कोंबू नकोस. कपडा पाण्यात मोकळा हलला पाहिजे.

किती वेळ? अर्धा ते पाऊण तास. रात्री भिजवून सकाळी धुणारे तुझ्या आजूबाजूला बरेच असतील. थंडीत ते चालून जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत साबणाचं पाणी आणि घाम रात्रभर एकत्र राहिले की कपडे आंबतात. तुझ्या कुबट वासाचा एक धागा इथे असू शकतो. पाणी कोमट मिळालं तर फारच छान. हीटर लावता येत नसेल तर उघडीप असेल त्या दिवशी बादली सकाळी गच्चीवर उन्हात ठेव, दुपारपर्यंत पाणी पुरेसं कोमट होतं. कढत पाणी मात्र नको. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांतली प्रथिनं कढत पाण्याने धाग्यातच घट्ट बसतात. अशा डागाला आधी साधं गार पाणी.

भिजवण्याआधी कपड्यांची वाटणी कर. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, मोजे आणि आतले कपडे त्याहून वेगळे. खिसे उलटे करून बघ. अभ्यास करणाऱ्या मुलांच्या खिशात पेन आणि चिठ्ठ्या हमखास असतात, आणि एका रिफिलने अख्खी बादली निळी होते.

घासायचं कुठे? कॉलर, मनगटाच्या पट्ट्या, काखा, पँटच्या पायांच्या कडा. बस. शर्टाची पाठ आणि पोट घासायची गरजच नसते, नुसतं चुबकून काढलं तरी पुरतं. कॉलरला वडी लाव, दोन मिनिटं तशीच ठेव, मग मऊ ब्रशने एकाच दिशेने घास. इतर ठिकाणी कपड्याची एक बाजू दुसऱ्या बाजूवर घास, हाताची कातडी मध्ये आणू नकोस. धोपटण्याने बडवण्याचं शास्त्र चुकीचं नाही. प्रत्येक फटक्याबरोबर मळकं पाणी धाग्यातून बाहेर फेकलं जातं. पण त्यासाठी दगड लागतो, मोकळी जागा लागते, आणि पातळ शर्टाची बटणं व शिवण त्यात जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीत रात्री दहाला बडवायला लागलास तर खालचं बिऱ्हाड वर येईल, आणि त्यांचं बरोबर असेल.

जीन्स आणि चादर हाताने धुवायची नाहीच. पायाने तुडव. टबात किंवा रुंद घमेल्यात साबणाचं पाणी घे, पाय स्वच्छ धुऊन आत उभा राहा, भिंतीचा आधार घे आणि दहा मिनिटं जागच्या जागी चाल. अंगाचा सगळा भार कपड्यावर येतो, मनगटावर काहीच येत नाही. हवं तर तेव्हा चालू घडामोडींची उजळणी म्हण. सोलापुरी चादर असेल तर ती भर पावसात भिजवूच नकोस. ओली झाल्यावर ती तुला एकट्याला उचलवणार नाही, आणि वाळायच्या आत आंबेल. श्रावणात एखादा दिवस कडक ऊन पडतं, त्या दिवसाची वाट बघ.

विसळण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण पांढरे कपडे पिवळट पडणं, अंगाला खाज येणं, पाणी न पुरणं, या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा इथेच सुरू होतात. तू सीसॅटचा, म्हणजे स्पर्धा परीक्षेतल्या गणित-बुद्धिमत्तेच्या पेपरचा अभ्यास करतोस, तर हे गणित कर. धुतलेल्या कपड्यांत दोन लिटर साबणाचं पाणी अडकलंय असं धर. त्यावर सोळा लिटर पाणी एकदम ओतलंस तर एकूण अठरा लिटर झालं, साबणाची तीव्रता नवव्या हिश्शावर आली. तेच सोळा लिटर दोनदा विभागून घे. पहिल्या आठ लिटरमध्ये विसळलंस की तीव्रता पाचव्या हिश्शावर. पिळून पुन्हा दोनच लिटर आत राहू दिलंस आणि दुसरं आठ लिटर घेतलंस की पंचविसाव्या हिश्शावर. पाणी तेवढंच, साबण जवळजवळ तिप्पट कमी. आता आणखी एक कर. विसळायच्या आधी आणि मधे कपडा असा आवळून पिळ, की आत एकच लिटर राहील. तेवढ्याच दोन अर्ध्या बादल्यांत तीव्रता एक्क्याऐंशीव्या हिश्शावर जाते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, की पाणी कमी असेल तर पिळायचे कष्ट घ्या. नळाखाली कपडा धरून पाणी सोडत बसणारा माणूस बादल्यांमागून बादल्या घालवतो आणि साबण आतच राहतो.

शेवटचं विसळलेलं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते दुसऱ्या दिवशीच्या भिजवण्याला ठेवून दे. पहिलं साबणाचं पाणी मोरी आणि संडास धुवायला. अधूनमधून एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने, हे पुण्यातलं वेळापत्रक तुला आता पाठ झालं असेल. तेव्हा जड कपडे बुधवारी संध्याकाळपर्यंत उरकून टाकायचे.

पिवळट शर्टांविषयी. तुझ्या मित्रांनी ब्लीच सुचवलं असेल. घाम मुरलेल्या कापडावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर पिवळेपणा वाढू शकतो, आणि ताणणाऱ्या धाग्याचा कपडा कायमचा खराब होतो. त्याऐवजी किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो. खायचा नव्हे, धुण्याचा माग. अर्ध्या बादली कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा विरघळवून सुती पांढरे शर्ट तासभर ठेव, मग नेहमीसारखे धू. धाग्यात साचलेला जुना साबण आणि तेलकट घाम त्याने सुटतो. सोड्याच्या पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे घाल, आणि लोकर किंवा रेशीम त्यात कधीही बुडवू नकोस. एक गोष्ट जिवाच्या काळजीने सांगते. खोलीत कुणी ब्लीच वापरत असेल तर त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तुमच्या बंद मोरीत तो छातीत जाईल.

शर्ट स्वच्छ झाले की मग नीळ. निळीने मळ निघत नाही. पिवळसर छटेवर निळसर छटा चढली की डोळ्याला कापड पांढरं दिसतं, एवढंच तिचं काम. बादलीभर पाण्यात चार-पाच थेंब, आधी पाणी ढवळायचं, मग कपडा उलगडून एकदा बुडवायचा आणि लगेच काढायचा. बोळा करून टाकलास तर ढग उमटतात. वर्षानुवर्षं निळीचे डाग घेऊन फिरणारे शर्ट मी पाहिलेत.

आता तुझा लालभडक डाग. तो वाचून मला आनंद झाला, कारण याचं उत्तर तुझ्या देवघरात आहे. कुंकू कसं करायचे ठाऊक आहे? हळदीला चुना लावून. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्कुमिन, अल्कली लागली की लाल होतं. साबण अल्कलीयुक्त, म्हणून तुझ्या वरणाच्या डागाचं कुंकू झालं. शर्ट वाया गेलेला नाही. साबण पूर्ण विसळून टाक, डाग पुन्हा पिवळा होईल. वरणात तूप किंवा फोडणीचं तेल असतं, त्यामुळे डागावर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळ, दहा मिनिटांनी धू. जो पिवळा रंग उरेल तो उन्हाला द्यायचा. कुर्कुमिन उजेडात टिकत नाही. ओला शर्ट डाग वर करून उन्हात घाल, दोन-तीन दुपारींत तो फिकट होत जातो. ढगाळ असेल तर आणखी दिवस लागतील, पण जाईल. मात्र त्याआधी गरम इस्त्री फिरवू नकोस. तेलकट डाग उष्णतेने पक्का होतो.

कुबट वासाकडे येते, कारण तुला खरी लाज त्याची वाटतेय. भिंतीकडची खुर्ची धरतो हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. हा वास तुझ्या अंगाचा नाही आणि आळसाचाही नाही. कापड फार वेळ ओलसर राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, घामाच्या उरलेल्या अंशावर जगतात, आणि तो वास त्यांचा. एकदा वाढले की साध्या धुण्याने सगळे जात नाहीत, म्हणून वाळलेला शर्टही अंगात घालून तासाभराने पुन्हा वास मारतो. ज्या कपड्यांना वास धरलाय, ते एकदा सोड्याच्या गरम पाण्यातून काढ. सुती असतील तर हाताला सोसवेल त्याहून थोडं जास्त गरम चालेल, काठीने ढवळ. मेसवाल्यांना एका भांड्याभर गरम पाण्यासाठी विचारलंस तर ते नाही म्हणणार नाहीत.

त्यानंतर शर्यत फक्त वाळण्याची. लवकर वाळायला दोन गोष्टी लागतात, कपड्यात पाणी कमी आणि भोवती हवा खेळती. पाणी कमी करायला कोरडा पंचा जमिनीवर पसर, पिळलेला शर्ट त्यावर ठेव, दोन्हीची एकत्र गुंडाळी कर आणि गुडघ्याने दाब. पंचा इतकं पाणी ओढतो की शर्ट नुसता दमट उरतो. पंचा लगेच पिळून वाळत टाक, तो तासा-दोन तासांत वाळतो. तुझ्याकडे जाड टर्किश टॉवेल असेल तर पावसाळ्यात तो पेटीत ठेव आणि दोन पंचे घे. आपल्या आजोबांच्या पिढीचा पंचा या हवेला सोयीचा.

वाळत घालताना कपडा जोरात झटक. सुरकुत्या तिथेच निम्म्या जातात. शर्ट हँगरवर, वरचं बटण लावून, दोन हँगरमध्ये वीतभर अंतर. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून टांग, म्हणजे तिच्या आतून हवा जाईल. चौघांचे कपडे एकाच दोरीवर एकावर एक पडत असतील तर कुणाचेच वाळणार नाहीत. तुळशीबागेत नाहीतर बोहरी आळीत जाऊन प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार आणि डझनभर चिमटे आण. सुतळी ओली राहते आणि पांढऱ्यावर तिची रेघ उठते. तार खिडकी आणि दार यांच्या रेषेत, जितकी उंच जमेल तितकी बांध. आमच्या वाड्यात छताला आडवा बांबू टांगलेला असायचा, काठीने साड्या त्यावर चढवायच्या. वरची हवा जरा उबदार असते, आणि खाली वावरायला जागा राहते. दार-खिडकी दोन्ही बंद करून कपडे आत वाळवू नका. कपड्यांतलं पाणी खोलीच्या हवेत राहतं, भिंतींना बुरशी धरते, आणि तुमच्या पुस्तकांनाही. गॅलरीत घालण्याआधी कपडे पंधरा मिनिटं मोरीत बादलीवर निथळू दे, खालच्यांच्या अंगावर थेंब पडणार नाहीत.

एवढं करून काही अर्धवट ओलं राहिलंच तर ते घालून बाहेर पडू नकोस. शर्ट एकवेळ चालेल, आतले कपडे आणि मोजे अजिबात नाही. दमट कपड्याखाली नायटा धरतो, आणि चौघं एकच टॉवेल वापरत असाल तर तो चौघांना होतो. प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवा. कुणाला खाज सुरू झालीच असेल तर त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात घाला, आणि त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. दुकानातून मित्राने सांगितलेलं मलम आणून लावत बसू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं, त्याने खाज थांबते आणि नायटा आतून पसरतो.

तुझ्या हातांसाठी सोपा उपाय आहे. धुण्याला बसण्याआधी बोटांना, विशेषतः नखांच्या कडांना खोबरेल तेल लाव. झाल्यावर हात साध्या पाण्याने धू, बोटांच्या बेचक्या कोरड्या कर आणि पुन्हा तेलाचा हात फिरव. आठ दिवसांत फरक पडला नाही, किंवा भेगांतून रक्त येऊ लागलं, तर तेही डॉक्टरांना दाखव. आईलाही हेच सांग. रबरी हातमोज्यांचे दोन जोड घे, एक तिला पाठव. ती वापरणार नाही म्हणेल. तू आग्रह कर.

दोन तासांचा प्रश्न राहिला. महिन्याचं किंवा आठवड्याचं धुणं साठवलंस तर दोन तास लागणारच. रोज आंघोळीला जाण्याआधी अर्धा तास तो दिवसाचा शर्ट, बनियन आणि मोजे भिजवून ठेव. आंघोळीबरोबर धुऊन, पिळून, वाळत घालायला मला दहा मिनिटं लागतात, तुला सुरुवातीला पंधरा लागतील. रविवारसाठी एक जीन्स आणि एखादी उशीची खोळ उरेल. चौघांनी जमवून घेतलंत तर आणखी बरं. एकाने सगळ्यांच्या कॉलरी घासायच्या, दोघांनी विसळून पिळायचं, चौथ्याने दोरी सांभाळायची. जीन्स दोघांनी दोन टोकं धरून उलट दिशांना पिळली तर एकट्याच्या पिळण्यापेक्षा कितीतरी पाणी निघतं.

परीटघडीचा शर्ट मुलाखतीला लागेल तेव्हा तो एक शर्ट इस्त्रीवाल्याकडे दे, तेवढा खर्च कर. रोजच्यासाठी शर्ट किंचित दमट असतानाच तळहाताने सारखा करून घडी घाल आणि उन्हात किंवा वाऱ्यावर राहिलेला ओलावा गेला की गादीखाली ठेव. सकाळपर्यंत चांगला दबतो. पूर्वी तांब्यात निखारे घालून त्याचा बूड कापडावर फिरवत, पण तुमच्या खोलीत निखारे नकोत.

डिसेंबरात स्वेटर निघेल. तेव्हा चुरा वापरू नकोस, रिठे वापर. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टाकायच्या, टरफलं रात्री भिजवायची, सकाळी त्याच पाण्यात उकळून गाळायची. त्या फेसाळ पाण्यात स्वेटर दाबून काढायचा, पिळायचा नाही. पंच्यात गुंडाळून पाणी टिपायचं आणि आडवा पसरून वाळवायचा, नाहीतर तो ओढला जाऊन गुडघ्यापर्यंत येईल.

आज रात्री आईला फोन कर. बोटांची माफी मागण्यासाठी करशील तर ती विषय बदलेल. त्यापेक्षा तिला विचार, की कॉलर कशी काढतेस, चादर किती पाण्यात विसळतेस. मी सांगितलेल्यातलं काही तिला पटणार नाही आणि तिचं काही माझ्यापेक्षा सरस निघेल, ते तू वापर.

दिवाळीला जाशील तेव्हा पिशवीत धुतलेले कपडे ने आणि धुण्याच्या सोड्याचं एक पाकीट ने. घरचं पाणी जड आहे, तर तिथे आधी बादलीत चमचाभर सोडा विरघळव आणि दहा मिनिटं थांब. क्षार खाली बसतात, पाणी हलकं होतं, मग वरचं निवळलेलं पाणी घेऊन त्यात साबण घाल. हे आईला एकदा करून दाखव. त्या दिवशीचं तिचं लुगडं किंवा साडी तू धू. सुती असेल तर पदर आणि काठ आधी गार पाण्यात बुडवून रंग जातो का ते बघ, जात असेल तर ती एकटीच धुवायची आणि सोडा लावायचा नाही. पिळताना एक टोक बहिणीच्या हातात दे, आणि वाळत सावलीत घाल.

तुझी काकू